बंदराचं गाऱ्हाणं

मालवणात मला राहायला खोली मिळाली ती कोल्हापूरच्या वतीने माफी मागितल्यानंतर.

मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी घाट उतरून आले होते. एसटीने हाडं खिळखिळी केलेली, ट्रंक रस्त्यात, वळकटी काखेत. ओट्यावर एक उंच, वाळकुडे गृहस्थ कोयतीने नारळ सोलत बसले होते. हेच घरमालक. सगळं गाव त्यांना आबा म्हणत असे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “खंयच्या तुमी?”

“कोल्हापूरची.”

कोयती जागच्या जागी थांबली. “कोल्हापूर! मगे माका एक सांगा बाईनू, आमचा बंदर तुमी इंग्रजांक कित्याक दिलात?”

मला आधी काही कळेचना. मग शाळेत शिकलेलं आठवलं. करवीर दरबाराने मालवण कंपनी सरकारच्या हवाली केलं होतं खरं, पण ते माझ्या जन्माच्या शंभराहून जास्त वर्षं आधी. मी म्हणाले, “अहो, मी नव्हते तेव्हा!”

“तुमी नव्हतात. कोल्हापूर होता ना?”

आतून बायकी आवाज आला, “अहो, त्या चेडवाक आधी घोटभर पाणी तरी देवा!” या काकी, आबांच्या पत्नी; चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

“पाणी देतंय. पण आधी जबाब होवंदे.”

उन्हाने माझं डोकं तापलं होतं, आणि माझा स्वभाव मुळातच थंड नाही. पण पायांत त्राण नव्हतं, भांडायला उभं राहावं लागतं. मी हात जोडले आणि म्हणाले, “चुकलं आमचं. पुन्हा देणार नाही.”

आबांचा चेहरा असा काही उजळला की बघत राहावं. दीडेकशे वर्षांचं ओझं उतरल्यासारखे ते उठले, माझी ट्रंक स्वतः उचलली आणि आत जाऊन काकींना म्हणाले, “माफी मागितल्यान गो! चांगल्या घरातला चेडू दिसता.” त्यानंतर जेव्हा जेव्हा विहिरीच्या पाण्यावरून किंवा माझ्या स्टोव्हच्या आवाजावरून आमचं वाजायचं, तेव्हा आबा एवढंच म्हणायचे, “करा, करा. बंदर दिलात, थंय स्टोव्हाचा काय!” यावर कोणाला काही उत्तर सुचत असेल तर मला कळवावं.

आबांचा व्यवसाय काय, असं कुणी विचारलं तर मी सांगत असे, बंदर. थोडे माड होते, थोडी भातशेती आचऱ्याच्या बाजूला होती, ती काकी बघत. आबा बंदर बघत. ज्या दिवशी मुंबईची बोट यायची त्या दिवशी ते पंच्यावर काळा कोट चढवून धक्क्यावर हजर असत. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं मोठ्या होड्यांतून, म्हणजे पडावांतून, किनाऱ्याला यायची. रात्रभर डेकवर गठडी वळून झोपलेला माणूस, एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात पोर, पोटात ढवळलेलं, असा धक्क्यावर पाय ठेवतो तो समोर आबा. “येवा. आता जंय पाय ठेवलात, थंय एके काळी अरबांची गलबतां लागत होती.” माणूस आधारासाठी हात पुढे करी. आबा तो हात धरत, आणि आदिलशाही संपेपर्यंत सोडत नसत.

त्यांच्या इतिहासात सगळं वर्तमानकाळात चालायचं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं गेलं, हे पुस्तकातही आहे. पण आबा नाक मुरडून सांगत, “काय वास इलो होतो बाईनू, शिसा वितळताना! चार दिवस जेवण जाईना.”

“तुम्ही होतात की काय तिथे?”

“बंदरातल्या माणसाक नाकान कळता. तुमका घाटावर नाका कित्याक दिल्यानी देवान, माका समाजणा नाय.”

मुंबई हे मालवणचं पोर, असं त्यांचं ठाम मत होतं. हंयसून गेलेल्या माणसांनी थंय जाऊन बाजार उठवला, की झाली मुंबय. विजयदुर्गाचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. तेही बंदर, तेही जुनं, तिथेही किल्ला, म्हणजे थेट भाऊबंदकीच. तळेऱ्याच्या तिठ्यावर रस्ता फुटतो आणि एक फाटा तिकडे जातो. आबांच्या मते त्या फाट्याने कुणी मुद्दाम जात नाही, वाट चुकलेली माणसंच जातात. एकदा देवगडकडचे एक पाहुणे जेवायला बसले असताना विजयदुर्गाच्या खाडीची तारीफ करून गेले. आबांनी त्यांच्यासमोरची सोलकढीची वाटी शांतपणे उचलली आणि स्वतः पिऊन टाकली.

माशांनासुद्धा त्यांनी राज्यं वाटून दिली होती. सुरमई आदिलशाहीतली, कारण तिचा रुबाब. बांगडो महाराजांचो, गरिबाच्या घरी जाता आणि पोट भरता. आणि सुंगटां, म्हणजे कोळंबी, ती फिरंग्यांची. का, तर ती कुणाच्याही वांगडा, म्हणजे कुणाहीसोबत, शिजते. काकी बाजारातून आल्या की टोपलीवरचं पान उचलून आबा विचारत, “आज कोणाचा राज्य?” काकी म्हणत, “माझा. सरकशात काय तिकडे?” आणि आबा सरकत.

पावसाळ्यात बोट बंद असे आणि बोटीबरोबर इतिहासही. “बोट नाय तर बंदर नाय. बंदर नाय तर इतिहास खंयसून आणूचो?” त्या दोन-अडीच महिन्यांत हा माणूस पेज, ओल आणि छपराची गळती यांपलीकडे अक्षर बोलत नसे. काकींच्या अंगावर थोडं मांस चढे. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जाई, आणि त्याच संध्याकाळी आबा ज्येष्ठात जिथे थांबले होते तिथून, अर्ध्या वाक्यातून, पुढे सुरू करत. काकी कपाळावर हात मारून मला सांगत, “सुटली गो बाय, बोट सुटली!”

पण आबांची खरी सत्ता वाडीच्या देवळात होती. तिथे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने हात जोडून देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” आजारपण असो, नवी होडी असो, कोर्टातली केस असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नसे. एकदा एकाची म्हैस दूध देईना म्हणून तो आला. आबांनी हात जोडले आणि सुरुवात केली आदिलशहापासून. “बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या बा देवा म्हाराजा! ह्या बंदरात पयलो विजापूरवालो इलो रे म्हाराजा...” “व्हय म्हाराजा!” फिरंगी येऊन गेले, किल्ला उठला, कोल्हापूरने बंदर दिलं. इथे आबा माझ्याकडे एक कटाक्ष टाकून पुढे म्हणाले, “पण आता त्येंनी माफी मागितली आसा रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” इंग्रज गेला, झेंडा लागला, आणि शेवटी म्हैस आली. तोवर म्हशीचा मालक खांबाला टेकून घोरत होता.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. मी आबांना म्हटलं, “तुमचं निम्मं पुस्तकात सापडत नाही.” ते म्हणाले, “पुस्तकाक व्हय कोणी म्हटल्यान? एकटो लिवता, एकटो वाचता. माझ्या इतिहासाक अख्खी वाडी देवाफुडे व्हय म्हणता. मगे खरो कोणाचो?” मी बी.ए., बी.टी. झालेली बाई, पण माझीसुद्धा मान हलली. त्या गावात व्हय म्हणायची ही सवय हवेतच होती म्हणा ना. वर्गात मी हात जोडून, सूर लावून प्रार्थनेचं एखादं लांब वाक्य वाचलं, की मागच्या बाकांवरून हमखास “व्हय म्हाराजा” यायचं. मुली जीभ चावायच्या, पण तोवर निघून गेलेलं असायचं.

आणि याच सवयीने एक दिवस बंदर बुडवायला घेतलं.

बातमी आली की बोटीच्या कंपनीचा कोणी साहेब मुंबईहून येणार, गावकऱ्यांशी बोलणार आणि बोटीने इथे थांबावं की नाही ते ठरवणार. एसटी झाली होती, माणसं रस्त्याने जाऊ लागली होती. आबांनी त्या दिवशी जेवणावरून हात उचलला. मी समजूत घालायला गेले तर ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

“बाईनू, आदिलशा इलो नि गेलो. फिरंगी इलो नि गेलो. इंग्रज, तोव गेलो. बंदर ऱ्हवला. आता जर बोट बंद झाली, तर सगळी काय म्हणतली? तो म्हातारो धक्क्यावर बसलेलो, तेव्हाच बंदर मेला. इतक्या मोठ्या गोष्टीच्या शेवटच्या वाक्यात माका बसूचा नाय हो.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतके दिवस मी या माणसाला हसत होते, त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर कंपनीचा भयंकर राग आला.

साहेब आला तो चांगला माणूस निघाला, हीच मोठी अडचण. मध्यमवयीन, जाडसर, नगरकडचा, घामाने बेजार झालेला, बरोबर एक कारकून. त्याच्या जेवणाची जबाबदारी आबांनी ओढून घेतली होती. काकींनी तिसऱ्यांदा भात वाढताना विचारलं, “सायबानू, मुलाबाळां काय?” आणि साहेबाचा घास हातातच राहिला. एकुलती एक मुलगी, हुशार, गुणी, पण स्थळं येऊन बघून जात आणि निरोप नकाराचा येई. त्याने सगळं सांगून टाकलं. काकींनी त्याच्या पानात तळलेल्या माशाची तुकडी वाढली. आबा आमटीत बोट फिरवत ऐकत होते.

सभा देवळाच्या सभामंडपात ठेवली होती, कारण गावभर सावली म्हणावी अशी तेवढीच. सगळा गाव लोटला होता. आबांना स्वागताचे दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, साहेबाकडे पाठ करून देवाकडे तोंड केलं आणि हात जोडले. मी मनात म्हटलं, मेले!

“बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

विजापूर आलं, फिरंगी आले, शिसं वितळलं, तोफा उडाल्या. आबांचा आवाज असा लागला होता की खांब थरथरावेत. गावाला नुसता ताल चढला होता. म्हातारे गुडघ्यांवर उठून होकार देत होते, बायका पदर सावरून देत होत्या, आणि कारकून बापडा हे सगळं टिपून घेत होता. शेवटी “असा हा बंदर तुझ्या पायाशी आसा रे म्हाराजा!” म्हणून आबा घामाघूम होऊन खाली बसले. शेवटचा होकार तर मला वाटतं किल्ल्यापर्यंत गेला असेल.

मग साहेब उठला. तो भारावला होता. देऊळ आहे म्हणून त्यानेही हात जोडले आणि हळू, गंभीर सुरात बोलू लागला.

“मंडळी, बंदराची थोरवी मी ऐकली.”

“व्हय म्हाराजा!”

साहेब दचकला. पण मान डोलावून पुढे गेला. “परंतु आता रस्ते झाले आहेत, उतारू कमी झाले आहेत.”

“व्हय म्हाराजा!”

आबांनी मान वर केली. मी उठून हात हलवू लागले, पण चढलेला ताल कुणाच्या बापाला ऐकतो?

“तेव्हा यापुढे बोट इथे थांबली नाही, तर आपली काही हरकत नसावी.”

“व्हय म्हाराजा!” अख्खा मंडप गरजला.

आणि मग मागच्या विहिरीवरचा रहाट ऐकू आला. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. काकींनी तोंडात पदर कोंबला. साहेबाने चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि कारकुनाला म्हणाला, “चला, एकमताने झालं. लिहा.”

कुणी तरी ओरडलं, “नाय, नाय, ता चुकान गेला!” पण देवापुढे म्हटलेलं परत घ्यायची रीत नव्हती. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं आणि आबांना सर्वांत जास्त. ते खांबाला धरून उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं हा माणूस आता कोसळणार. पण त्यांनी पुन्हा हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! लेकरांच्या तोंडातसून काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” जीव तोडून आवाज आला.

“ह्यो सायब परमुलखातसून आमच्या दारात इलो. दमान, घामान हैराण झालो. त्याका सुखात ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्याच्या कारकुनाक बढती मिळांदे रे म्हाराजा!”

“होय महाराजा,” कारकून पेन्सिल खाली ठेवून म्हणाला.

“त्याच्या एकुलत्या एक चेडवाचा चांगल्या घरात लगीन जुळांदे, तिच्या कपाळाक कुंकू लागांदे रे म्हाराजा!”

साहेबाचे डोळे मिटले. त्याने हात छातीशी घट्ट धरले आणि सगळ्या गावाच्या वर आवाज काढून म्हणाला, “होय महाराजा!”

“आणि बोट हंयच थांबांदे रे म्हाराजा!”

“होय महाराजा!” साहेब म्हणाला. डोळे मिटलेलेच.

पुढे जो गोंधळ झाला तो सांगता येत नाही. माणसं नाचली. कुणी तरी साहेबाला खांद्यावर घेतलं. तो वरून “अहो, पण... अहो, पण...” म्हणत होता आणि मध्येच त्यालाच हसू फुटत होतं. कारकुनाने कागदावर काट मारली. मी, एक प्रौढ शिक्षिका, माझ्याच विद्यार्थिनींना मिठ्या मारत सुटले होते.

आबा तेवढे घरी गेले होते. रात्री भाताला हात लावला नाही. काकी चिडल्या, “आता काय झाला? बोट मिळाली मां?” आबा म्हणाले, “माणसाचा दुखणा बघून त्याका धरलंय गो मी. चेडवाच्या नावान व्हय म्हणून घेतलंय. ह्यो इतिहास न्हय, ही लबाडी.”

“मग बंदर गेलं तरी चालेल?” मी विचारलं.

आबा म्हणाले, “न्हय चलाचा. पण असा नको.”

सकाळी साहेब पडावात बसून बोटीकडे गेलाही. आबा धक्क्यावर येरझारा घालत होते. शेवटचा पडाव सुटायला आला तेव्हा त्यांनी काळ्या कोटाची बटणं लावली आणि आत पाय टाकला. काकी किनाऱ्यावरून किंचाळल्या, “अहो, तुमका बोट लागात! बाईनू, धरा हो त्येंका, जल्मात कधी पाण्यात गेलेले नायत!”

मी पडावात उडी मारली ती याच धक्क्याने. उठताबसता अरबांची गलबतं सांगणारा हा माणूस आयुष्यात धक्क्यापलीकडे गेलाच नव्हता! पहिल्या लाटेला आबा हिरवे झाले, दुसऱ्या लाटेला कडेवर ओणवे झाले. मी त्यांचा कोट मागून धरून ठेवला होता. दोन उलट्यांच्या मधे ते मला म्हणाले, “ह्या अरबांक झाला तरी काय होता हो, घर सोडून येवक?”

पडाव बोटीच्या बाजूला लागला. वर कठड्याशी मुंबईला निघालेल्या चाकरमान्यांची ही गर्दी, आणि त्यांत साहेब. आबांनी तोंड पुसलं आणि हाक घातली, “सायबानू! काल मी तुमका गाऱ्हाण्यात धरलंय! ता बरा केलंय नाय! तुमचो व्हय मी परत देतंय! बोटीचा तुमका पटात तसा करा!”

मला रडू आलं. एवढा बंदर बंदर करणारा माणूस ते हाताने परत देत होता, आणि तेही उलट्या करत.

साहेब मग कठड्यावरून वाकून ओरडला, “ते परत घेता येत नाही, आबा!”

“कित्याक?”

“अहो, त्याच गाऱ्हाण्यात माझी मुलगी आहे! बोटीचं परत घेतलं तर तिचंही जाईल! अर्धं गाऱ्हाणं मी कसं मागे घेऊ?”

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. आबांच्या हयातीत बोट मालवणला थांबायची कधी बंद झाली नाही, पण ते सगळं पुढचं. त्या वेळी त्यांच्या हिरव्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की मला वाटलं, आता हे पडाव उलटवणार. खरंच ते उभे राहिले. पडाव हिंदकळत होता, नावाडी शिव्या देत होता, मी दोन्ही हातांनी कोट ओढत होते. आबांनी हात जोडले, एकदा समुद्राकडे वाकून मोकळे झाले आणि पुन्हा ताठ होऊन आकाशाकडे ओरडले, “बा देवा म्हाराजा! ह्या सायबाच्या चेडवाचा लगीन येत्या मार्गशीर्षात जुळांदे रे म्हाराजा!”

आणि बोटीच्या डेकवरून, वरच्या मजल्यावरून, खालच्या खिडक्यांतून, पेट्या आणि पोरं हातांत घेतलेली तेवढी सगळी माणसं एका आवाजात गरजली, “व्हय म्हाराजा!” कुणाची मुलगी, कोण साहेब, यांतलं त्यांच्यापैकी एकालाही काही ठाऊक नव्हतं.